मधल्या सुट्टीतील दादागिरी आणि खेळाचे नियम

मधली सुट्टी हा बहुतेक मुलांचा सर्वांत आवडता तास. काही मुलांना मात्र तोच नकोसा वाटतो. कोणी त्यांचा डबा पळवतो, कोणी नावे ठेवतो, कोणी 'तू आमच्यात नाहीस' म्हणून बाजूला सारतो. तक्रार आली की आपण दांडगोबाला बोलावून रागावतो. चार दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच सुरू होते. असे का व्हावे?

प्रथम मस्ती आणि दादागिरी यांतला फरक पाहू. नॉर्वेतील मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी दादागिरीच्या तीन खुणा सांगितल्या: त्रास मुद्दाम दिलेला असतो, तो वारंवार दिला जातो आणि दोघांचे बळ सारखे नसते. मस्तीत मुले एकमेकांच्या अंगावर पडतात, पण त्यांचे चेहरे हसरे असतात. खालचा वर येतो, वरचा खाली जातो आणि मस्ती संपल्यावरही ती एकत्रच राहतात. अशी मस्ती थांबवण्याची घाई नको.

आता दादागिरी घडते कशी? कॅनडात टोरांटो येथील शाळांत डेब्रा पेपलर आणि वेंडी क्रेग यांनी मैदानावरील मुलांचे दुरून चित्रीकरण केले. मुलांच्या अंगावर छोटे ध्वनिग्राहकही लावले होते. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निरीक्षणांनुसार दादागिरीचा एक प्रसंग सरासरी फक्त ३८ सेकंद टिकत होता. मोठी माणसे मधे पडली ती केवळ ४ टक्के प्रसंगांत. यात शिक्षकांचा दोष कमी आहे. वळून पाहीपर्यंत सारे संपलेले असते.

२००१ सालच्या त्यांच्या पुढच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. ८८ टक्के प्रसंगांच्या वेळी इतर मुले तेथे हजर होती. पण कोणी मधे पडले ते १९ टक्के प्रसंगांतच. आणि मुले जेव्हा मधे पडली, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा १० सेकंदांच्या आत त्रास थांबला. म्हणजे दादागिरीला प्रेक्षक लागतात आणि तिला आवरण्याचे बळही त्या प्रेक्षकांतच असते.

हे प्रेक्षक येतात कुठून? आपल्या मैदानाकडे पाहिले तर उत्तर सुचते. ज्यांच्या हाती खेळ नाही, ती मुले कडेला उभी असतात. त्यांना कडेला कोण काढतो? पुष्कळदा खेळाचा नियमच. संगीतखुर्चीत सर्वांत मंद मूल सर्वांत आधी बाद होते. ज्याला खेळाची गरज अधिक, तोच आधी रिकामा! उलट विषामृतात बसलेल्या गड्याला सवंगडी अमृत देऊन सोडवतो. म्हणजे दुसऱ्याच्या मदतीला धावणे हाच खेळ. साखळीत पकडला गेलेला गडी साखळीचाच भाग होतो, बाहेर जात नाही.

गडी वाटण्याचेही तसेच. कप्तानांनी एकेक गडी निवडला की शेवटी उरणाऱ्याचा रोज सर्वांसमक्ष अपमान होतो. आपल्याकडची जुनी रीत पाहा. साधारण सारख्या ताकदीचे दोघे बाजूला जाऊन गुपचूप नावे घेतात, 'चंद्र हवा की सूर्य?' असे विचारतात आणि कप्तान नाव निवडतो. संघ समतोल होतात आणि नकोसा कोणीच ठरत नाही. भांडण झाले तर हात उलटेसुलटे टाकून 'सुटणे' आहेच. तेथे दांडगाई चालत नाही.

अशा उपायांची परीक्षाही झाली आहे. अमेरिकेत 'प्लेवर्क्स' ही संस्था शाळांना सुट्टीतील खेळांसाठी प्रशिक्षक पुरवते. २०१० ते २०१२ या काळात २९ प्राथमिक शाळांपैकी काहींना यदृच्छेने निवडून हा कार्यक्रम दिला गेला आणि उरलेल्या शाळांशी त्यांची तुलना झाली. कार्यक्रम असलेल्या शाळांतील शिक्षकांनी दादागिरी आणि वगळणे कमी असल्याचे नोंदवले. विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या उत्तरांत मात्र तसा ठळक फरक दिसला नाही. म्हणून खेळ हा रामबाण उपाय नव्हे. एखाद्याच्या मागे हात धुऊन लागलेल्या मुलाशी आणि त्याच्या पालकांशी शिक्षकांना बोलावेच लागेल. स्वच्छतागृहामागचा कोपरा आणि पाण्याचा नळ यांवर नजरही हवी.

परंतु एक प्रयोग कोणत्याही शाळेत बिनखर्चात करता येईल. मैदानाचा कच्चा नकाशा काढा. आठवडाभर सुट्टीत दर पाच मिनिटांनी खेळाबाहेरची मुले त्यावर ठिपक्यांनी दाखवा आणि तक्रारींच्या जागी फुली मारा. पुढचे दोन आठवडे कोणी बाद होत नाही असे तीन-चार खेळ शिकवा; वरच्या वर्गातील मुलांना लहानांचे खेळ सुरू करून देण्याचे काम द्या. मग पुन्हा आठवडाभर नोंदी घ्या आणि दोन्ही नकाशे शेजारी ठेवा. ठिपके कमी झाले, तर फुल्यांचे काय झाले? हे मोजण्यात मुलांनाही सामील करून घ्यावे. कडेला कोण उभे आहे, हे पाहण्याची सवय त्यांना लागली, तर तेवढ्यानेही पुष्कळ साधेल.