गोठ्यातल्या खुंटीवरचं नाटक

एरवी मी तुम्हाला बोंडअळी, माती परीक्षण नाहीतर मोसंबीचा बहार असलं काही सांगतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. पण आहे तो आपल्या शिवारातलाच.

गेल्या पावसाळ्यात एका गावी कपाशीच्या प्लॉटवर गेलो होतो. कामगंध सापळे बघून झाले. शेतमालक पंचविशीतला पोरगा. म्हणाला, "साहेब, आणखी एक दाखवायचं होतं." मला वाटलं, पानं लाल पडली असतील. तर यानं गोठ्यातल्या खुंटीवरची पिशवी काढली आणि पिशवीतून दोनशे पानी वही! नाटक लिहिलं होतं. दोन भावांची वाटणी आणि मधली सामाईक विहीर. धुऱ्यावर बसून पहिला अंक वाचला. संवाद असे, की हे भांडण मी कालच तहसीलच्या आवारात ऐकलं होतं असं वाटावं.

वाचून झाल्यावर त्यानं विचारलं, "याचं आता पुढं काय करायचं?" कपाशीचं विचारलं असतं तर लगेच सांगितलं असतं. मग हळूच म्हणाला, "याच्या आधीची एकांकिका एका मंडळानं नेली. गणपतीत केली, लेखक म्हणून नाव दुसऱ्याचंच पुकारलं. वहीसुद्धा परत दिली नाही." ते ऐकून मी गप्प झालो. तेव्हापासून जी माहिती गोळा केली, ती पुढं देत आहे.

विषय आपल्याच बांधावर

लांब कशाला, आपल्याच जालना जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. घनसावंगी तालुक्यातल्या जांबसमर्थचे राजकुमार तांगडे. त्यांचं एक नाटक आहे 'आकडा'. आकडा म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको! तारेवर टाकायचा तो आकडा. लोडशेडिंग आणि विजेची चोरी हा गावचा रोजचा तमाशा त्यांनी रंगमंचावर नेला. पुढं २०१२ साली त्यांनी लिहिलेलं 'शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला' रंगभूमीवर आलं. दिग्दर्शन नंदू माधव यांचं, संकल्पना आणि गाणी शाहीर संभाजी भगत यांची. त्यात काम करणारी बरीच मंडळी आपल्याच जिल्ह्यातली, शेती करणारी होती. महाराजांचा जिरेटोप कुणाच्या डोक्यात बसतो, याचा शोध घेणारं हे नाटक मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकांनीही उचलून धरलं.

दुसरं उदाहरण महेश एलकुंचवार यांचं. जन्म १९३९ चा, यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचा. नागपुरात तेंडुलकरांचं नाटक बघितलं आणि लिहायची ओढ लागली. १९६७ साली त्यांची 'सुलतान' ही एकांकिका 'सत्यकथा' मासिकात छापून आली. विजया मेहता यांच्या नजरेला ती पडली आणि प्रयोगाची वाट मोकळी झाली. पुढं १९८५ साली 'वाडा चिरेबंदी' रंगमंचावर आलं. शेतीवर उभं राहिलेलं आणि आता खचत चाललेलं घराणं, दारात गंजत पडलेला ट्रॅक्टर. असे वाडे आणि असे ट्रॅक्टर तुम्ही-आम्ही पाहिलेले नाहीत का?

मुद्दा एवढाच, की विषयासाठी शहरात जावं लागत नाही. लिहिलेलं कुणाच्या तरी नजरेला पडावं लागतं. गावच्या लेखकाचं घोडं तिथंच अडतं.

लिहिण्यासाठी मुक्काम

आपण नवीन वाण आला की सगळ्या रानात पेरत नाही. आधी दोन गुंठ्यांत लावून बघतो. नाटकाचंही तसंच असतं. पहिला खर्डा चारचौघांत मोठ्यानं वाचायचा, नटांच्या तोंडून ऐकायचा, जिथं लोक चुळबुळ करतात तिथं कापायचा. यासाठी निवासी लेखन शिबिरं भरतात. लेखक काही दिवस एका जागी राहतो, जाणती माणसं त्याच्याकडून पुन्हा पुन्हा लिहून घेतात. मुंबईची 'रेज' ही नाट्यसंस्था आणि लंडनचं रॉयल कोर्ट थिएटर यांनी मिळून नव्या नाटककारांसाठी अशा कार्यशाळा घेतल्या आहेत.

पण शेतकरी लेखकाची अडचण वेगळी. शिबिर ऐन पेरणीत नाहीतर वेचणीत आलं, की पाय निघत नाही. अशा वेळी भावकीनं, शेजाऱ्यानं त्याची रात्रीची पाण्याची पाळी सांभाळली, तरी मोठं काम होतं.

झाडीपट्टीकडून शिकण्यासारखं

पूर्व विदर्भात भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हा झाडीपट्टीचा मुलूख. धानाची कापणी उरकली, दिवाळी झाली, की तिथं नाटकांचा हंगाम लागतो. गावोगावी मंडई भरते, शंकरपट होतात आणि रात्रभर नाटक चालतं. गडचिरोलीतलं देसाईगंज म्हणजे वडसा, हे या नाटक कंपन्यांचं मोठं ठाणं. गावची मंडळं कंपनीशी बोलणी करून नाटक ठरवतात, घराघरांत पाहुणे येतात. गावालाच नाटक हवं असतं, म्हणून दर हंगामात नवं नाटक लिहिणारा माणूस लागतो. मागणी असली की लेखक टिकतो. मालाला गिऱ्हाईक नसेल तर पीक कितीही चांगलं येऊन काय उपयोग?

आता करायचं काय?

लेखकांनी एवढं करावं. वहीवर नाव आणि तारीख टाकावी. झेरॉक्स काढून ठेवावी, एकुलती एक प्रत कुणाच्या हाती देऊ नये. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं नाटकाचा हक्क लेखकाचा, त्याच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं त्याच्या वारसांचा. परवानगी लेखी द्यावी, मानधन आधी ठरवावं. राज्य शासनाची हौशी नाट्य स्पर्धा १९५४ पासून सुरू आहे. जवळच्या केंद्रावर जाऊन एकदा ती नाटकं बघून तरी यावं.

मंडळांनी प्रयोगाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र घ्यावं, पोलिसांची परवानगी घ्यावी. रात्री दहानंतर भोंग्याला बंदी आहे, सूट असलेले दिवस आधीच विचारून घ्यावेत. आणि लेखकाचं नाव पत्रिकेत छापावं, माइकवरून पुकारावं. त्याला पैसे लागत नाहीत.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना एक विनंती. समाजमंदिर संध्याकाळी कुलूप लावून ठेवण्यापेक्षा तालमीला द्या. एक दिवा, एक सतरंजी आणि ऐकायला वीस माणसं, एवढ्यावर नाट्यवाचन होतं.

त्या पोराचं विचाराल, तर त्याच्या गावच्या शाळेत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वाचन झालं. दुसऱ्या अंकात दोन म्हातारे उठून बाहेर गेले. त्यांचं विहिरीचं प्रकरण कोर्टात चालू आहे. पोरगा घाबरला, मला म्हणाला, "साहेब, चुकलं का काही?" मी म्हटलं, "नाही रे, बरोबर लागलं."

थोड्या वेळानं दोघंही परत येऊन बसले. शेवट काय होतो, ते त्यांना बघायचं होतं.