कावळाही लिहा

फेब्रुवारीच्या मध्याला काटेसावर आणि पांगारा फुललेले असतात, थिरथिऱ्यासारखे हिवाळी पाहुणे अजून परतलेले नसतात. याच सुमारास शुक्रवार ते सोमवार असे चार दिवस देशभरातल्या महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत ‘कॅम्पस पक्षीगणना’ होते. विद्यार्थी आणि प्राध्यापक आपल्याच आवारातले पक्षी मोजतात.

तिचं मूळ अमेरिकेतलं. कॉर्नेल विद्यापीठाची पक्षीविज्ञान प्रयोगशाळा आणि ऑडुबॉन सोसायटी यांनी १९९८ साली ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ सुरू केला. २०१३मध्ये तो जगभरासाठी खुला झाला. भारतात त्याची घडी ‘बर्ड काउंट इंडिया’नं बसवली आणि शिक्षणसंस्थांची आवारं त्याला जोडून घेतली.

पद्धत सोपी आहे. किमान १५ मिनिटं एका जागी थांबायचं किंवा चालायचं. दिसलेला अथवा नुसता ऐकू आलेला, पण खात्रीनं ओळखता आलेला प्रत्येक पक्षी संख्येसह टिपायचा आणि यादी ‘ई-बर्ड’ या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवायची. ओळख पटली नाही तर तर्कानं नाव ठोकायचं नाही. वेगळी वाटणारी नोंद जाणकार स्वयंसेवक तपासतात.

नवखे इथेच एक चूक करतात. धनेश दिसला की आनंदानं लिहितात. कावळा, पारवा, साळुंकी मात्र वगळतात. खरं तर यादीचं मोल या नेहमीच्या पक्ष्यांतच आहे. सगळे पक्षी लिहिले असतील, तरच यादीत नसलेला पक्षी त्या वेळी आढळला नाही असं म्हणता येतं. एखादी जात शंभरांतल्या किती याद्यांत येते, हे वर्षानुवर्षं पाहिलं की ती वाढतेय की घटतेय ते कळू लागतं. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ हा २०२३चा अहवाल अशाच नोंदींवर उभा राहिला: सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षक, तीन कोटी नोंदी आणि ९४२ जातींचं मूल्यमापन. मोर आणि कोकीळ वाढल्याचं, तारांवर बसलेला हमखास दिसणारा नीलपंख घटल्याचं त्यातून समोर आलं.

अशा कामाला विद्यापीठाचं आवार फार सोयीचं. पुण्यात गणेशखिंडीतलं सावित्रीबाई फुले विद्यापीठ ४११ एकरांवर पसरलं आहे. शहराच्या गजबजाटात एवढी सलग, जुन्या झाडांची जागा दुर्मीळच. शिवाय विद्यार्थी तीन वर्षांनी निघून गेला तरी पुढची तुकडी त्याच वाटेवर तीच नोंद पुढे चालवते.

आता या याद्या आवाराची देखभाल करणाऱ्यांपर्यंत पोचायला हव्यात. तांबट वाळल्या, मऊ लाकडात घरटं कोरतो, धनेशाला जुन्या झाडाची ढोली लागते, मुनिया वाळल्या गवताच्या बियांवर जगते. ‘साफसफाई’त नेमकं हेच आधी तोडलं जातं. कोणती वाळकी फांदी धोक्याची नाही म्हणून ठेवायची आणि गवताचा कोणता पट्टा कापायचा नाही, हे ठरवताना उद्यान विभागाच्या टेबलावर पक्ष्यांची यादी असावी. गणनेच्या चार दिवसांचं सार्थक उरलेल्या वर्षभराच्या अशा निर्णयांत आहे.