महामार्गावर पाठीला मार बसला तर…

पुणे–नाशिक महामार्गावरच्या मोशीतून भोसरी-चाकणला पाळीवर जाणाऱ्या प्रत्येक दुचाकीस्वाराला हे ठाऊक हवे.

उचलताना : काखेत आणि पायांना धरून जखमीला रिक्षात घालू नका. श्वास चालू असेल, तर 108 ची रुग्णवाहिका येईपर्यंत डोके, मान, धड एका रेषेत ठेवा.

भीती नको : मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आलेले कलम 134अ मदत करणाऱ्याला संरक्षण देते.

पहिले 24 तास : मणक्यातून जाणाऱ्या मज्जारज्जूवरचा दाब या वेळात शस्त्रक्रियेने काढला, तर सुधारणेची शक्यता वाढते.

भरून का येत नाही? : मज्जारज्जूतील तुटलेले तंतू सहसा पुन्हा वाढत नाहीत, त्यांच्या आवरणातील नोगो-ए हे प्रथिन वाढ रोखते. मात्र वाचलेल्या तंतूंतून नवे मार्ग तयार होतात. नेटाने केलेली फिजिओथेरपी त्यांनाच बळ देते.

नवे काय? : मानेच्या अपूर्ण (काही तंतू वाचलेल्या) दुखापतीत हातांची ताकद वाढवण्यासाठी त्वचेवरून विद्युत उत्तेजन देणारे उपकरण अमेरिकेत डिसेंबर 2024 मध्ये मंजूर झाले.

घरी : दर 2 तासांनी रुग्णाची कूस बदलून द्या, माकडहाड आणि टाचा रोज तपासा. संवेदना नसल्याने दाबामुळे झालेली जखम त्याला कळत नाही.

जवळचा आधार : खडकीचे पॅराप्लेजिक (कमरेखाली लुळे पडलेल्यांचे) पुनर्वसन केंद्र 1974 पासून जखमी जवानांना उभे करते आहे. अशा दुखापतीनंतरही उमेद सोडू नका : 1965 च्या युद्धात मणक्यात गोळी लागलेले जवान मुरलीकांत पेटकर यांनी 1972 मध्ये हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले.