गुऱ्हाळावरील शिक्षणवर्ग व त्याची पूर्वतयारी

कोल्हापुरी गुळाचा लौकिक जुना आहे. श्रीमच्छत्रपती शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसविली आणि या भागातील गुळास नांदती बाजारपेठ लाभली. २०१४ साली याच गुळास भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु पेठ आणि मानांकन यांनी गूळ चांगला होत नाही. तो चांगला होतो उसाच्या फडात आणि चुलवाणावरच्या काहिलीत. म्हणजेच जे शेतकरी ऊस वाढवितात आणि जे गुळवे, चुलवे व मजूर तो ऊस गाळून रस आटवितात, त्यांच्या हातून. म्हणून या मंडळींचे शिक्षण हा आपल्या धंद्यातील अत्यंत महत्त्वाचा प्रश्न होय.

असे शिक्षणवर्ग भरत नाहीत असे नाही. मंडप पडतो, व्याख्यान होते, आभार मानले जातात, चहापान होऊन मंडळी घरोघर जातात. आणि दुसरे दिवशी काहिलीतून पहिल्यासारखाच गूळ उतरतो. याचा दोष व्याख्यात्याच्या विद्वत्तेकडे क्वचितच असतो. बहुधा तो पूर्वतयारीत असतो. वर्ग कोणासाठी, कोणत्या अडचणीवर, कोणाच्या सल्ल्याने आणि कोणत्या वेळी, या चार गोष्टींचा विचार अगोदर झालेला नसतो. प्रस्तुत लेखात याच विचाराची दिशा दाखविण्याचा हेतू आहे.

गुऱ्हाळ हे संघाचे काम

प्रथम गुऱ्हाळाचे काम कसे चालते ते ध्यानी घ्यावे. तोडलेला ऊस चरक्यात जातो, रस गाळून काहिलीत येतो. पिळलेली चिपाडे वाळत घातली जातात व तीच चुलवाणात जळण म्हणून येतात. हे वाळविण्याचे काम पुष्कळ ठिकाणी स्त्रिया करतात. चुलवाणाच्या तोंडाशी चुलव्या, आणि वर काहिलीशी गुळव्या. रस तापू लागला की मळी वर येते. या वेळी आच बेताची पाहिजे, म्हणजे मळी एकत्र जमून नीट काढता येते. मळी निघाल्यावर आच भरपूर पाहिजे, आणि पाक घट्ट होऊ लागला की ती पुन्हा कमी पाहिजे. नाही तर गूळ करपून काळसर पडतो.

आता पाहा, आच ज्याच्या हाती आहे त्यास काहिलीतील रस दिसत नाही, आणि ज्यास रस दिसतो त्याच्या हाती आच नाही. या दोघांमधील निरोप हाच गुऱ्हाळाचा प्राण होय. गुळव्याने हाक दिली आणि चुलव्याने ती अर्धी ऐकली, तर तेवढ्यात आधण हातचे जाते. शेवटी काहील उतरविताना तर सर्वांनी एका शब्दासरशी हात लावावा लागतो. तेथे गोंधळ झाल्यास केवळ गूळ वाया जात नाही, माणूस भाजतो.

असे असता एकट्या गुळव्यास शिकवून, अथवा त्याहून वाईट म्हणजे एकट्या गुऱ्हाळमालकास शिकवून, काय साधणार? शिक्षण द्यावयाचे ते एका चुलवाणावर काम करणाऱ्या सबंध मेळास द्यावे.

अडचण शोधून मग विषय ठरवावा

वर्गाचा विषय 'गूळ उत्पादनाचे आधुनिक तंत्र' असा लांबरुंद ठेवू नये. एक अडचण घ्यावी. उदाहरणार्थ, पावसाळ्यात गूळ पाघळतो, अशी तक्रार अडत्याकडून आली आहे असे धरू. याचे कारण विचारले तर शेतकरी गुळव्याकडे बोट दाखवील, गुळव्या उसाकडे, आणि दोघे मिळून अडत्याच्या वखारीकडे. वस्तुतः या तिन्ही ठिकाणी कारण असू शकते. ऊस अपक्व असेल, नत्रखताची मात्रा अधिक झाली असेल, जमीन खारवट असेल, ऊस तोडून गाळपावाचून दोन दिवस पडला असेल, चुन्याचे प्रमाण चुकले असेल, पाक पुरेसा घट्ट होण्यापूर्वीच उतरविला असेल, किंवा ढेप दमट जागी ठेवली असेल.

यांपैकी खरे कारण कोणते, हे वादाने ठरत नाही. ते क्रमाने शोधावे लागते. प्रत्येक आधणाची एका वहीत नोंद ठेवावी : ऊस कोणाचा, कोणत्या जातीचा, केव्हा तोडला, केव्हा गाळला, चुना किती, उतरविला केव्हा, आणि गूळ कसा उतरला. पंधरवडाभर अशी नोंद झाली की कोणत्या अवस्थेत गूळ बिघडतो हे बरेचसे उघड होते. मग वर्गाचा विषय शोधत बसावे लागत नाही. तो वहीतूनच निघतो. जर दोष फडातला असेल तर वर्ग शेतकऱ्यांचा भरवावा. काहिलीतला असेल तर गुऱ्हाळावरच्या मेळाचा.

आखणी कोणी करावी

वर्गाची आखणी संस्थेच्या चिटणीसाने एकट्याने बसून करू नये. पाच-सहा जणांची लहान समिती असावी. तीत एक अनुभवी गुळवे, एक चुलवे, एक ऊस उत्पादक, एक अडते, चिपाडाचे काम पाहणाऱ्या एक बाई आणि कोल्हापूरच्या प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्रातील एक तज्ज्ञ असावेत. हे केंद्र राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाकडे आहे व त्याचा अभ्यासविषयच हा असल्यामुळे अशा साह्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही.

समितीच्या बैठकीत दोन नियम कटाक्षाने पाळावेत. एक, मालक व तज्ज्ञ यांनी शेवटी बोलावे. ते आरंभी बोलले की मजूर मंडळी 'होय साहेब' म्हणून मोकळी होतात आणि खरी अडचण पोटातच राहते. दुसरा, ठरलेले प्रत्येक काम एका व्यक्तीच्या नावावर, तारखेसह वहीत लिहावे. 'आपण सर्वांनी पाहावे' असे ठरलेले काम कोणीच पाहत नाही, हा आपल्या सर्व संस्थांचा अनुभव आहे. ऊस कोण देणार, चिपाडे कोरडी ठेवणार कोण, तज्ज्ञांना आणणार कोण, चरक्याची पाहणी करणार कोण, हे नावनिशीवार ठरले पाहिजे; आणि लिहिलेले शेवटी सर्वांस मोठ्याने वाचून दाखवावे.

बोलणे एकमेकांस कळेल असे

तज्ज्ञ अंशांत बोलतो आणि गुळव्या खुणांनी. तज्ज्ञ म्हणेल, पाक सुमारे ११८ अंश सेंटिग्रेड तापला की काहील उतरवावी. गुळव्या म्हणेल, पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकला असता त्याची टणक गोळी झाली पाहिजे. दोघेही एकच गोष्ट सांगत आहेत. पण ती एकच आहे हे उभयतांस पटविल्याशिवाय वर्ग सुरू केला, तर गुळव्यास वाटते की आपली उभ्या जन्माची विद्या मोडीत काढली जात आहे, आणि तो त्या दिवसापुरता गप्प बसतो.

याकरिता वर्गाच्या आधी एक आधण असे काढावे की तापमापक आणि गोळी यांची परीक्षा शेजारी शेजारी व्हावी. काकवीसाठी १०५-१०६ अंशांवर पाक कसा दिसतो आणि गुळासाठी ११८ अंशांवर कसा, हे गुळव्याने आपल्या शब्दांत सांगावे व तज्ज्ञाने ते टिपून घ्यावे. मग वर्गात तेच शब्द वापरावेत. असे केल्याने जुन्या गुळव्याचा मान राहतो, आणि नवख्या मुलास, ज्याची नजर अजून बसलेली नाही, तापमापकाचा आधार मिळतो. जाणत्या गुळव्यांच्या घरची तरुण पिढी या धंद्यात टिकावयाची असेल तर ही दुहेरी भाषा शिकविणे अगत्याचे आहे.

नुकसान कोणी सोसावे

येथे एका नाजूक मुद्द्याचा विचार केला पाहिजे. शिकाऊ माणसाच्या हातून आधण बिघडले तर तोटा कोणाचा? ज्याचा ऊस, त्याचा. आणि म्हणूनच कोणीही आपली काहील शिकाऊ हातांत देत नाही. अमेरिकेत हाच पेच १९०३ साली पडला होता. सीमन नॅप या कृषिशिक्षकाने टेक्सास प्रांतातील टेरेल गावी पोर्टर नावाच्या शेतकऱ्याच्या स्वतःच्या जमिनीत नवीन पद्धती करून दाखविण्याचे ठरविले. त्यासाठी गावच्या मंडळींनी प्रथम निधी जमविला. प्रयोगात तोटा आल्यास तो त्या निधीतून भरून द्यावयाचा होता. प्रत्यक्षात तोटा आला नाही, उलट नफा झाला. आणि त्या देशातील शेतकी प्रात्यक्षिकांची मोठी चळवळ तेथून पुढे वाढली.

आपल्या संस्थांनीही हेच करावे. वर्गासाठी दोन-तीन आधणांचा ऊस संस्थेने योग्य भावाने विकत घ्यावा, आणि गूळ बिघडल्यास तोटा संस्थेच्या शिक्षणनिधीतून सोसावा. तसेच वर्गाच्या दिवसाची पुरी मजुरी प्रत्येकास द्यावी. पोटास चिमटा घेऊन कोणी शिकत नाही.

वेळही सांभाळावी. ऐन हंगामात, भर गर्दीत वर्ग ठेवल्यास कोणी येणार नाही. हंगाम संपल्यावर ठेवल्यास चुलवाण थंड असणार. दिवाळीच्या सुमारास हंगाम सुरू होतो, त्या आरंभीचे चार दिवस या कामी उत्तम.

शिकविण्याची रीत

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० पासून, अमेरिकेतील कारखान्यांत नवख्या कामगारांस झपाट्याने तयार करण्यासाठी एक चार पायऱ्यांची रीत प्रचारात आली. ती गुऱ्हाळासही तंतोतंत लागू पडते. पहिली पायरी, शिकणाऱ्याची तयारी : त्याची भीड मोडावी व त्यास काय येते ते विचारावे. दुसरी, करून दाखविणे : एक एक कृती सावकाश, आणि ती का करावयाची ते सांगून. तिसरी, त्याच्याकडून करवून घेणे, व करताना त्यासच बोलावयास लावणे. चौथी, पुढे काही दिवस त्याच्या कामावर लक्ष ठेवणे.

मळी काढण्याचेच घ्या. गुळव्याने प्रथम स्वतः करून दाखवावे. हजार लिटर रसास सुमारे दोन किलो रानभेंडीची हिरवी झाडे ठेचून, त्यांचा चिकट रस पाण्यात उतरवून काहिलीत घातला असता मळी कशी एकवटते, हे सर्वांनी पाहावे. दुसऱ्या आधणास तेच काम शिकाऊ माणसाने करावे, आणि 'आता आच कमी' हा इशाराही त्यानेच द्यावा. चुलव्याने तो इशारा ऐकून पुन्हा उच्चारावा, म्हणजे निरोप पोहोचल्याची खात्री होते. ही सवय लहान दिसते, पण भाजण्याचे अपघात टाळण्यास तिच्यासारखा उपाय नाही. चरक्यात ऊस घालणाऱ्यानेही थांबविण्याची खूण कोणती हे पहिल्याच दिवशी शिकावे.

हायड्रॉसचा प्रश्न याच ठिकाणी मोकळेपणाने चर्चेस घ्यावा. त्याने गूळ पिवळाधमक दिसतो खरा, पण तो रंग टिकत नाही, आणि गुळातील गंधकाचा अंश दर किलोस ७० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये असे कायद्याचे बंधन आहे. गुळव्या हायड्रॉस घालतो तो हौसेने नव्हे. पिवळ्या गुळास भाव अधिक मिळतो म्हणून मालकच तसे सुचवितो. तेव्हा या प्रश्नाच्या चर्चेस मालक व अडते हजर नसतील तर ती व्यर्थ होय. स्वच्छ गुळाचा सौदा वेगळा लावण्यास अडते तयार आहेत काय, हे आधीच विचारून ठेवावे, आणि उत्तर वर्गात सर्वांसमक्ष सांगावे.

आयत्या वेळच्या अडचणी

कितीही तयारी केली तरी विघ्ने येतातच. वीज जाऊन चरका थांबतो, अवकाळी सरीने चिपाडे भिजतात, तज्ज्ञांस त्याच दिवशी दुसरे काम निघते. समितीने आधीच्या बैठकीत अशा प्रत्येक विघ्नास 'मग काय' असा प्रश्न घालावा. वीज गेली तर तेवढ्या वेळात कोणता भाग तोंडी शिकवावयाचा. कोरडे जळण झाकून किती ठेवावयाचे. तज्ज्ञ न आल्यास त्यांचा भाग कोण सांगणार. आणि आयत्या वेळी निर्णय देणारा माणूस एकच असावा. तोही गुऱ्हाळावरचाच असावा, व्यासपीठावरचा नसावा.

वर्गानंतर

वर्ग संपला म्हणजे काम संपले असे मानू नये. आठ दिवसांनी समितीने गुऱ्हाळावर जाऊन वही पाहावी. पूर्वी दहा आधणांत किती बिघडत होती, आता किती बिघडतात? शिकलेली कोणती गोष्ट चालू राहिली, कोणती सुटली, आणि का सुटली? सुटली असेल तर शिकणाऱ्यास दोष देण्यापूर्वी आपण ती नीट दाखविली होती काय, हे पाहावे. एक महिन्याने पुन्हा एकदा, आणि पावसाळ्यात वखारीतील ढेपा पाहून तिसऱ्यांदा, अशी तपासणी झाल्याखेरीज वर्गाचा अहवाल पूर्ण झाला असे समजू नये.

ज्या गावी दोन-चार गुऱ्हाळे अद्याप चालू आहेत तेथील सभासदांनी येत्या हंगामापूर्वी एक वही घालावी, सहा माणसे नेमावीत आणि एकच अडचण निवडावी. खर्च तीन आधणांच्या उसाचा आणि एका दिवसाच्या मजुरीचा आहे. एवढा भार कोणत्याही संस्थेस जड नाही.