जुन्या घरात बाळासाठी जिन्याला गेट बसवताय? आधी भिंत वाजवून बघा

कोल्हापुरात शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत एखाद्या जुन्या घरात गेलात, तर जिना पटकन सापडत नाही. सोप्यातून आत गेलं की कुठल्यातरी कोपऱ्यात तो भिंतीला चिकटून वर चढलेला असतो. अरुंद, उभा, आणि मोठ्या माणसाचं अर्धंच पाऊल मावेल एवढी पायरी. घरातल्यांना त्याची इतकी सवय असते की लाईट गेली तरी कोणी अडखळत नाही. मग घरात बाळ रांगायला लागतं आणि तोच जिना सगळ्यांना पहिल्यांदा नीट दिसतो.

पुढचं ठरलेलं आहे. कोणीतरी मोबाईल काढतं, बेबी सेफ्टी गेट शोधतं, ऑर्डर टाकतं. बॉक्स येतो. रविवारी दोघं-तिघं मिळून ते जिन्याच्या तोंडाशी बसवतात आणि सगळे निश्चिंत होतात. अडचण अशी आहे की ते गेट फ्लॅटसाठी बनवलेलं असतं, पेठेतल्या घरासाठी नाही.

ऑनलाईन जास्त दिसतं ते दाबाचं गेट. याला भिंतीत भोक पाडावं लागत नाही. चार कोपऱ्यांना चार स्क्रू असतात, त्यांच्या टोकाला रबराच्या चकत्या. स्क्रू फिरवला की चकत्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर दाबल्या जातात आणि त्या दाबावर गेट उभं राहतं. यासाठी दोन गोष्टी हव्यात: भिंती एकमेकींना समांतर आणि पृष्ठभाग टणक. जुन्या घरात नेमक्या याच दोन गोष्टी नसतात.

तिथल्या कितीतरी भिंती भेंड्याच्या, म्हणजे मातीच्या कच्च्या विटांच्या. कुठे पक्की वीट आहे, पण ती चिखलात बसवलेली. वरून चुन्याचा गिलावा आणि त्यावर वर्षानुवर्षांच्या रंगाचे थर. अशी भिंत खाली रुंद, वर थोडी आत झुकलेली, मध्येच पोट आलेली असते. घर उभं राहायला ती उत्तम, पण गेटचा दाब घ्यायला नाही. स्क्रू आवळला की गिलावा आत दबतो, थोडा आणखी आवळला की पापुद्रा सुटतो. गेट हाताने हलवून बघितलं तर पक्कं वाटतं. दहा किलोचं बाळ त्याला धरून उभं राहून महिनाभर हलवत राहिलं की चकती कधी सरकली ते कोणालाच कळत नाही.

म्हणूनच परदेशातल्या बालसुरक्षेच्या सूचनांमध्ये एक वाक्य हमखास असतं: जिन्याच्या वरच्या तोंडाला दाबाचं गेट लावू नका, तिथे स्क्रूने पक्कं केलेलंच गेट हवं. दुसरंही कारण आहे. दाबाच्या गेटला तळाशी एक आडवी पट्टी असते. तीत पाय अडकला तर समोर थेट पायऱ्या. आणि अडखळणारं माणूस बहुतेक वेळा बाळाला कडेवर घेतलेलं असतं.

ही नुसती भीती नाही. अमेरिकेत १९९९ ते २००८ या काळात जिन्यावरून पडून इमर्जन्सी विभागात आलेल्या पाच वर्षांखालच्या मुलांचा अभ्यास २०१२ साली 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात आला. आकडा नऊ लाखांच्या वर होता. एक वर्षाच्या आतल्या जखमी बाळांपैकी जवळपास पाव बाळं तर कोणाच्या तरी हातात होती. म्हणजे जिना नुसता रांगणाऱ्या बाळासाठी धोक्याचा नाही. दुसऱ्या एका अमेरिकी अभ्यासात १९९० ते २०१० या काळात गेटमुळेच जखमी झालेली सात वर्षांखालची मुलं मोजली, ती ३७ हजारांहून जास्त निघाली. दोन वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत मोठं कारण होतं गेट कोसळणं किंवा उघडं राहणं. गेट नसतं तेव्हा घरातला प्रत्येकजण जिन्याकडे एक डोळा ठेवतो. गेट आलं की तो डोळा मिटतो. त्यामुळे डळमळीत गेट हे काही वेळा गेट नसण्यापेक्षा वाईट.

मग जुन्या घरात करायचं काय?

आधी भिंत वाजवून बघायची. बोटाच्या पेराने टकटक केल्यावर पोकळ आवाज आला तर गिलावा सुटलाय. २०१९ आणि २०२१ च्या पुराचं पाणी ज्या घरांत शिरलं होतं, तिथे खालचा भाग जास्त काळजीने तपासायला हवा. अशा भिंतीत ड्रिलने भोक पाडून प्लास्टिकची गिट्टी ठोकण्यात अर्थ नाही, ती मातीत फिरत राहते. फुगून पकड घेणारा अँकर बोल्ट तर आणखी वाईट, तो कच्च्या विटेला तडाच देतो.

जुन्या घराची खरी ताकद लाकडात आहे. जिन्याच्या तोंडाला सागवानी खांब किंवा दाराची चौकट असेल तर बिजागऱ्या तिथेच बसवाव्यात, अर्थात आधी टोकदार वस्तूने टोचून वाळवी नाही ना हे बघून. लाकूड एकाच बाजूला असेल तर दुसऱ्या बाजूला जमिनीपासून गेटच्या वरपर्यंत जाणारी उभी लाकडी पट्टी लावावी लागते. ती भिंतीला नुसती स्क्रूने नाही, तर दाराची चौकट बसवतात तशी होल्डफास्ट घालून पक्की करायची. हे काम घरच्याघरी करायचं नाही. जुनी घरं हाताळलेला सुतार आणि गवंडी लागतो. लोखंडी गेट हवं असेल तर शिवाजी उद्यमनगरात फॅब्रिकेशनवाल्याकडून मापाप्रमाणे बनवून घेता येतं. तयार गेटच्या मापात जिना बसवण्यापेक्षा हे केव्हाही सोपं.

माप मात्र लिहूनच द्या. गज उभे हवेत, आडवे नकोत, कारण आडवे गज म्हणजे मुलासाठी शिडी. दोन गजांमधलं अंतर सहा सेंटीमीटरच्या आत, अमेरिकेत बाळाच्या पलंगाच्या गजांसाठी हीच मर्यादा आहे. उंची मुलाच्या उंचीच्या किमान पाऊणपट. खालची फट दोन इंचांहून कमी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गेट पायऱ्यांच्या बाजूला उघडता कामा नये, ते माडीच्या आत उघडलं पाहिजे. गजाच्या टोकांना भाल्यासारखी नक्षी काढायचा मोह फॅब्रिकेटरला होतो, तेवढा आवरायला सांगा.

'त्यापेक्षा चॅनेल गेट लावू' असा सल्ला हमखास मिळतो. दुकानाला ते ठीक आहे. सरकणाऱ्या पट्ट्यांमध्ये बोटं चेमटतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण अमेरिकेत घडीची लाकडी बेबी गेटं याच कारणाने बदनाम झाली होती: वरच्या काठावरच्या इंग्रजी 'व्ही'सारख्या खाचांत मुलांची मान अडकून मृत्यू झाले आणि १९८५ पासून तसली गेटं तिथे बनणं थांबलं.

गंमत म्हणजे जुन्या सुतारांनी यावर उपाय करून ठेवलेला होता. कितीतरी वाड्यांत जिन्याच्या वरच्या तोंडाला आडवी लाकडी झडप असायची. ती खाली टाकली की जिना बंद आणि वर सपाट फळी. ती मुख्यतः चोरांसाठी होती, बाळांसाठी नाही. तरी तुमच्या घरात अजून असेल तर काढू नका. बिजागऱ्या बदला, खालून-वरून उघडेल अशी कडी लावा आणि ती उघडी असताना मागे अडकवून ठेवायला मजबूत हूक बसवा, कारण जड झडप डोक्यावर पडणं हा वेगळाच अपघात आहे.

कडीवरून आठवलं, ती आजीलाही एका हाताने उघडता आली पाहिजे. जुन्या घरात तीन पिढ्या राहतात. सांधे धरलेल्या बोटांना बटण दाबून वर उचलायची कडी जमत नाही. मग आजी गेट ओलांडायला जाते किंवा ते कायम उघडंच राहतं. शिवाय पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि जूनमध्ये नीट लागणारं गेट जुलैत अडकतं. बसवतानाच थोडी फट सोडायला सांगावी.

गोल सीटचा वॉकर असेल तर तो माडीवर नेऊच नये. जुना लाकडी पांगुळगाडा वेगळा, तो मूल मागून ढकलतं. सीटवाला वॉकर मात्र पायरीपर्यंत क्षणात पोहोचतो. कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवर बंदीच घातली.

गेटची गरज साधारण सहाव्या महिन्यापासून दोन वर्षांपर्यंत. मूल स्वतः कडी उघडायला लागलं किंवा गेटवर चढायला लागलं, की ते त्याच आठवड्यात काढायचं, कारण आता पडणं गेटच्या उंचीवरून होणार. बिजागऱ्यांची भोकं लाकडी खुंट्यांनी भरून घेतली की चौकट पूर्वीसारखी होते. गेट मात्र भंगारात देऊ नका, पेठेत कोणाच्या तरी घरी पुढचं बाळ रांगायच्या बेतात असतंच. फक्त त्यांच्याकडे बसवताना माप नव्याने घ्या.