तिकीट सांगतं किती गेले, उपग्रह सांगतो उजेड किती. मराठी किती, हे कोण सांगणार?

बुऱ्हाणपूर : रावेर आणि बुऱ्हाणपूर यांच्यामध्ये राज्याची हद्द आहे, पण रोजच्या व्यवहारात ती फारशी जाणवत नाही. केळीच्या बागेतली मजुरी, बाजार, दवाखाना, सोयरीक, सगळं हद्दीच्या दोन्ही अंगांना चालतं. मग इथून किती जण कामासाठी बाहेर गेले, किती आले, आणि घरात मराठी बोलणारे किती उरले?

याचं घरोघरी जाऊन केलेलं शेवटचं मोजमाप २०११ च्या जनगणनेचं आहे. तेव्हा जिल्ह्याची लोकसंख्या ७ लाख ५७ हजार ८४७ होती. २०२१ ची जनगणना झालीच नाही. आता पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. म्हणजे तब्बल सोळा वर्षांचा खंड. या काळात समाज किती बदलला, हे शोधण्यासाठी अभ्यासकांनी दुसऱ्या वाटा धरल्या : रेल्वेची तिकिटं, मोबाईलच्या नोंदी, उपग्रहाची चित्रं, सरकारी डॅशबोर्ड.

जनरल डब्यातला हिशोब

सगळ्यात गाजलेला प्रयोग रेल्वेचा. केंद्राच्या २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत अनारक्षित तिकिटांवरून अंदाज काढला गेला, की २०११ ते २०१६ या काळात दरवर्षी सरासरी ९० लाखांच्या आसपास लोक कामासाठी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेले. तोवर धरला जाणारा आकडा याहून बराच कमी होता.

डिसेंबर २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेने पुढचा अभ्यास प्रसिद्ध केला. बिबेक देबरॉय आणि देवी प्रसाद मिश्रा यांच्या या निबंधात अनारक्षित तिकिटं, मोबाईल रोमिंगची आकडेवारी आणि जिल्हावार बँकांची माहिती वापरली आहे. निष्कर्ष उलटा निघाला : २०११ मध्ये देशात ४५ कोटी ५७ लाख स्थलांतरित होते, २०२३ मध्ये ते ४० कोटी २० लाखांवर आले असावेत. सुमारे १२ टक्क्यांची घट. गावाजवळच रस्ते, दवाखाने, शाळा आणि रोजगार वाढल्यामुळे असं झालं असावं, असं लेखकांचं म्हणणं.

जनरलचंच तिकीट का? कारण मजूर माणूस बहुतेक त्याच डब्यात चढतो. या तिकिटावर नाव नसतं. कुठल्या स्टेशनवरून कुठल्या स्टेशनला, एवढंच असतं. त्यामुळे कुणाची खासगी माहिती न उघडता कोणत्या महिन्यात गर्दी कुठून कुठे सरकली, हे कळतं.

पण यात भोकंही आहेत. बुऱ्हाणपूरहून रावेरला जीपने, एसटीने किंवा पिकअपमध्ये बसून गेलेला मजूर या हिशोबात येतच नाही. दुसरं, जनगणनेत बायकांच्या स्थलांतराचं सर्वांत मोठं कारण लग्न हे आहे. मुक्ताईनगरची मुलगी शाहपूरला नांदायला आली, तर ती जनगणनेत स्थलांतरित ठरते. तिच्या तिकिटावरून मात्र ती सासरी चालली की बाजाराला, हे समजत नाही.

टॉवर कुणाचा, माणूस कुठला?

मोबाईलची आकडेवारी ‘सर्कल’नुसार मिळते. मध्य प्रदेश आणि छत्तीसगड मिळून एक सर्कल, महाराष्ट्र आणि गोवा दुसरं, मुंबई तिसरं. हद्दीवरच्या गावांत फोन कधी या बाजूचा टॉवर पकडतो, कधी त्या बाजूचा. माणूस ओट्यावर बसलेला असतो आणि फोन दुसऱ्या राज्यात ‘पोचलेला’ असतो! शिवाय एका खिशात दोन सिम, आणि घरातल्या अनेक बायकांकडे स्वतःचा फोनच नाही. सिम मोजणं म्हणजे माणसं मोजणं नव्हे.

उपग्रहाचंही तसंच. रात्रीचा उजेड टिपणारा अमेरिकेचा सुओमी एनपीपी उपग्रह २०११ पासून फिरतोय. एखादी वस्ती कधी वाढली, वीज कधी आली, हे त्याच्या चित्रांत दिसतं. पण तो आपल्या डोक्यावरून मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास जातो. रात्रपाळीला चालू असलेला पॉवरलूम आणि रस्त्यावरचा एलईडी दिवा त्याला सारखेच.

डॅशबोर्डवरचा नळ

जुलै २०२२ मध्ये बुऱ्हाणपूर देशातला पहिला प्रमाणित ‘हर घर जल’ जिल्हा ठरला. ऑगस्ट २०१९ मध्ये ग्रामीण भागातल्या १ लाख १ हजार ९०५ घरांपैकी ३७ हजार २४१ घरांत नळ होता. तिथून काम सगळ्या घरांपर्यंत गेलं. इथे एक गोष्ट चांगली होती : नुसत्या डॅशबोर्डवर काम भागलं नाही, २५४ गावांच्या ग्रामसभांनी ठराव करून दुजोरा दिला. डिजिटल आकड्याला माणसांची साक्ष जोडली गेली. मात्र नळ आल्यावर बाईचे वाचलेले दोन तास कशात गेले, मुलगी शाळेत टिकली का, हा खरा सामाजिक बदल डॅशबोर्डच्या रकान्यात नाही. ते विचारायला घरात जावं लागतं.

भाषा मशीनला दिसत नाही

सीमाभागासाठी कळीचा मुद्दा इथेच आहे. तिकीट, टॉवर, उपग्रह, नळ यांपैकी कुणीही मातृभाषा विचारत नाही. ती विचारते जनगणना. आणि त्या आकड्यावर बरंच काही अवलंबून आहे. घटनेच्या कलम ३५०-अ नुसार भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय राज्याने करायची आहे. भाषिक अल्पसंख्यकांसाठी ठरलेल्या तरतुदींनुसार एखाद्या भागात एक भाषा बोलणारे १५ टक्के किंवा जास्त असले, तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही काढणं अपेक्षित आहे. शाळेत ४० किंवा वर्गात १० मुलं असली, तर त्या भाषेतून शिकवण्याची व्यवस्था अपेक्षित आहे.

मोजणीतली एक बारकी गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. ‘अहिराणी’ सांगितलं, तर जनगणना ते खान्देशी भाषेत धरते, मराठीत नाही. ‘निमाडी’ सांगितलं, तर ते हिंदीत जातं. बाजारात हिंदी चालते म्हणून सवयीने ‘हिंदी’ सांगितलं, तर तसंच लिहिलं जातं. कोणतंही उत्तर चूक नाही. जे खरं, तेच सांगायचं. २०११ च्या सूचनांप्रमाणे मातृभाषा म्हणजे लहानपणी आई ज्या भाषेत बोलायची ती. एका घरात सासूची एक आणि सुनेची दुसरी असू शकते, म्हणून प्रत्येकाची वेगळी विचारून लिहायची असते.

यापुढे ‘स्थलांतर घटलं’ किंवा ‘जिल्हा उजळला’ अशी बातमी दिसली, की तीन गोष्टी विचाराव्यात : नेमकं काय मोजलं, कोण मोजणीतून सुटलं, आणि हद्दीपलीकडचा हिशोब त्यात जोडला का? आणि मोजणीदार दारात आला, की उत्तर कुणावर सोपवू नये. सोळा वर्षांनी विचारला जाणारा प्रश्न आहे. घरातल्या प्रत्येकाने आपलं आपण सांगावं.