बंद गल्लीतले तीन एड

शिवाजी पेठेत वाढलेल्या माणसाला गल्ली म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. शाळा सुटली की दप्तर टाकायचं आणि दिवेलागणीपर्यंत विटी-दांडू, गोट्या, लगोरी, नाहीतर फुटबॉल. कार्टून नेटवर्कवरची ‘एड, एड अँड एडी’ मला म्हणूनच लई जवळची वाटते.

डॅनी अँटोनुची यांची ही मालिका ४ जानेवारी १९९९ ला सुरू झाली. पुढं रस्ता नसलेल्या गल्लीतले, एकाच नावाचे तीन दोस्त. एडी खटपट्या, ‘डबल डी’ हुशार आणि टापटिपीचा, एड भोळा पण अंगात बळ फार. पोरांना गंडवून पैसे जमवायचे आणि तोंडात न मावणाऱ्या जॉब्रेकर गोळ्या घ्यायच्या, एवढाच ध्यास! मोठी माणसं जवळपास दिसतच नाहीत. चित्रांच्या रेषाही सतत थरथरतात, आणि हे मुद्दाम केलंय.

आता कँकर बहिणी. ली, मरी आणि मे. या तिघी एडांच्या मागे हात धुऊन लागतात, धरून मुके घेतात, आणि पोरं जीव घेऊन पळतात. एकतर्फी प्रेमाला गोड ठरवणारे कितीतरी सिनेमे आपण पाहिलेत. इथं ‘नको’ म्हणणाऱ्याची घाबरगुंडी खरी दिसते. मला हे फार मोलाचं वाटतं.

२००९ च्या ‘बिग पिक्चर शो’ या चित्रपटानं गोष्ट संपली. घरातल्या पोरांबरोबर बसून एकदा बघाच, आणि तुमच्या गल्लीतले एड कोण होते तेही खाली लिहा.